डॅलस, टेम्पी, बफेलो आणि आमचं घाटंजी

३० डिसेंबर २०१७ रोजी यवतमाळच्या एका हॉटेलात मोजक्या पाहुण्यांसमोर एक लग्न लागलं. नवरदेव दोन. एक मूळचा यवतमाळचा, कॅलिफोर्नियात स्थायिक झालेला, दुसरा त्याचा व्हिएतनामी जोडीदार. बातमी फुटली जानेवारीत. मग आठ-दहा दिवस पानटपरीपासून जिनिंगच्या वजनकाट्यापर्यंत जिल्ह्यात दुसरा विषय नव्हता.

घाटंजी यवतमाळपासून चाळीसेक किलोमीटर. मी तिथला, तेव्हा गावीच होतो. व्हॉट्सॲपवर जे फिरत होतं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण बसस्टँडसमोर चहा पिताना एका वयस्कर माणसाने विचारलेला प्रश्न मला आजही पडतो : "तिकडं सगळं हाये म्हणते, मंग थो इकडं कायले आला?"

हेटाळणी बाजूला ठेवली तर प्रश्न चोख आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २६ जून २०१५ रोजी सगळ्या राज्यांत समलिंगी विवाह कायदेशीर ठरवला होता. आपल्याकडे त्या डिसेंबरात कलम ३७७ जिवंत होतं. ते गेलं ६ सप्टेंबर २०१८ला, म्हणजे लग्नानंतर आठ महिन्यांनी. जिथं आपल्या लग्नाला कायद्याचा कागद मिळतो तिथून माणूस निघाला आणि जिथं आपलं शारीरिक नातं गुन्हा आहे तिथं येऊन त्याने अंगावर अक्षता घेतल्या. त्याच्या मनातलं मी सांगू शकत नाही. पण विदर्भातली मुलं ज्या दिशेने जातात, तिच्या नेमका उलट असा हा प्रवास होता. मला तेव्हापासून त्या नेहमीच्या दिशेचा इतिहास शोधावासा वाटू लागला. माणूस 'आपल्यासाठी बरं' म्हणून एखादं शहर निवडतो, तेव्हा ते शहर तसं झालेलं कशामुळे असतं?

तुम्ही गूगलला विचारलंत तर दहा शहरांची यादी येईल. सॅन फ्रान्सिस्को, न्यूयॉर्क, सिॲटल, शिकागो. त्यातच प्रॉव्हिन्सटाउन, की वेस्ट, पाम स्प्रिंग्स. ही शेवटची तीन सुट्टीला जायची गावं. तिथं चार दिवस राहायचं आणि फोटो काढायचे. नोकरी, भाडं, व्हिसा यांच्याशी झगडणाऱ्याला त्यांचा काय उपयोग? पण याद्या करणाऱ्यांना फिरायला येणारा आणि राहायला येणारा यांतला फरक फारसा दिसत नाही. याद्या तशा जुन्याच. बॉब डॅमरन नावाच्या माणसाने १९६० च्या दशकाच्या मध्यात खिशात मावेल एवढी पत्त्यांची वही छापली. कुठल्या शहरात कुठल्या बारमध्ये आपल्यासारखे लोक भेटतील, एवढंच तीत होतं. धाड पडण्याच्या काळात असा पत्ता ही मोठी गोष्ट होती.

सॅन फ्रान्सिस्कोचं घ्या. ते मोकळं शहर आहे हे आपण असं बोलतो जणू तिथल्या पाण्यातच काही आहे. खरं कारण बरंच रूक्ष आहे. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिककडे जाणाऱ्या फौजा याच बंदरातून निघत. सैन्यात कोणी समलिंगी असल्याचं उघड झालं किंवा नुसता संशय आला, तर निळ्या कागदावर छापलेला सेवामुक्तीचा दाखला हातात देऊन त्याला घालवून देत. तो निळा कागद घेऊन गावी परतायचं म्हणजे सगळ्या गावाला सांगण्यासारखंच. नोकरी देणारा तोच कागद मागणार. मग अनेक जण जिथं उतरवलं तिथंच राहिले. ॲलन बेरुबे या इतिहासकाराने या सैनिकांची पत्रं आणि मुलाखती गोळा करून १९९० साली पुस्तक लिहिलं, त्यातून हे चित्र नीट पुढे आलं. शहराने या माणसांना बोलावलेलं नव्हतं. गावी जायची सोय उरली नव्हती म्हणून ती तिथं साचली.

साचल्यावर पुढचं घडलं. ब्लॅक कॅट नावाच्या बारचा परवाना 'तिथं समलिंगी लोक जमतात' म्हणून रोखला गेला. मालक कोर्टात गेला आणि १९५१ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, असे लोक नुसते जमले हे परवाना काढून घ्यायला पुरेसं कारण नाही. याच बारमध्ये होजे सारिया स्त्रीवेशात ऑपेराची विडंबनं गायचा. १९६१ला तो नगर पर्यवेक्षकांच्या मंडळाच्या निवडणुकीत उभा राहिला आणि पडला. मतं मिळाली साडेपाच हजारांच्या वर. पडलेल्या उमेदवाराची मतं कोण लक्षात ठेवतो? पण राजकारणी ठेवतात. या लोकांची 'व्होट बँक' आहे हे शहरातल्या पुढाऱ्यांना त्या दिवशी कळलं. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पडूनसुद्धा वाड्यातलं वजन दाखवून जातात, तसंच काहीसं. १९६४ला 'लाइफ' या खपाच्या साप्ताहिकाने अमेरिकेतल्या समलिंगींवर मोठा सचित्र लेख छापला. लेख सहानुभूतीने लिहिलेला मुळीच नव्हता. पण त्यात सॅन फ्रान्सिस्को ही या लोकांची राजधानी असल्याचं छापून आलं आणि खेड्यापाड्यांतल्या हजारो मुलांना फुकटात पत्ता मिळाला. बदनामीसाठी केलेली जाहिरात जाहिरातच ठरली.

कॅस्ट्रोची कथा तर चक्क भाड्याची आहे. तो भाग आयरिश आणि स्कँडिनेव्हियन कामगार कुटुंबांचा. ती मंडळी उपनगरांत निघून गेली, जुनी लाकडी घरं स्वस्त झाली आणि ती या नव्या लोकांनी घेतली, दुरुस्त केली. हार्वी मिल्कने तिथं १९७३ला कॅमेऱ्याचं दुकान टाकलं, तीन निवडणुका हरला, १९७७ला जिंकला आणि २७ नोव्हेंबर १९७८ रोजी महापौर मॉस्कोनींबरोबर त्याची नगरभवनात हत्या झाली. सिनेमामुळे हे बहुतेकांना माहीत आहे. सिनेमात न दिसणारी गोष्ट अशी की, ज्या स्वस्त घरांनी ते शहर आपलंसं केलं, ती घरं आता पगारदार इंजिनिअरलाही परवडत नाहीत. यादीत वरचा नंबर आणि भाडंही वरच्या नंबरचं. आज घरातून हाकललेला एखादा मुलगा तिथं पोचला तर राहणार कुठं, हे त्या यादीत लिहिलेलं नसतं.

आता इकडं या. ज्या काळात ते बार आणि धाडी चालू होत्या, त्या काळात घाटंजीसारख्या गावातला मुलगा कुठं जायचा? कुठंच नाही. फार तर पत्र लिहायचा. र. धों. कर्व्यांचं 'समाजस्वास्थ्य' १९२७ ते १९५३ निघालं. त्यात वाचकांच्या प्रश्नांना कर्वे रोखठोक उत्तरं देत आणि त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांविषयीचे प्रश्नही असत. त्या उत्तरांवरून १९३४ साली मुंबईत अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा कर्व्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, दंड झाला. पण लैंगिक प्रश्न विचारणं आणि त्याला उत्तर देणं हा गुन्हा नाही, हा युक्तिवाद मराठी मुलखात नव्वद वर्षांपूर्वी एका वकिलाने कोर्टात केला होता. हे 'पाश्चात्त्य फॅड' आहे असं कोणी म्हणालं की मी एवढंच सांगतो आणि चहा मागवतो.

अमेरिकेला जायचं तर तिथला दरवाजाही उघडा नव्हता. मला ही गोष्ट उशिरा कळली आणि बरीच खोल गेली. १९५२च्या परदेशी लोकांविषयीच्या कायद्यात 'मनोविकृत व्यक्तिमत्त्वा'च्या माणसाला प्रवेश नाकारायची तरतूद होती. ती समलिंगींना लावली जाई. १९६५ला दुरुस्ती करून 'लैंगिक विकृती' असा थेट शब्दच घातला. क्लाइव्ह बूटिलिए नावाचा एक कॅनेडियन न्यूयॉर्कमध्ये राहून काम करत होता. नागरिकत्वाच्या अर्जावेळी त्याने आपल्याबद्दल खरं सांगितलं. १९६७ला सर्वोच्च न्यायालयाने त्याची हकालपट्टी कायम केली. स्टोनवॉलचा दंगा झाला १९६९ला, पण परदेशी माणसावरची ही बंदी त्यानंतरही एकवीस वर्षं टिकली. १९७०-८० च्या दशकांत भारतातून गेलेले कितीतरी डॉक्टर-इंजिनिअर या कायद्याखाली जगले. न्यूयॉर्क कितीही मोकळं असलं तरी अर्जावर खोटं लिहिणं किंवा गप्प राहणं, एवढेच दोन रस्ते त्यांना होते.

ही बंदी काढली १९९०च्या इमिग्रेशन कायद्याने. आता गंमत पाहा. आपल्या घराघरांत माहीत असलेला एच-१बी व्हिसा जन्माला घातला तोही याच कायद्याने. पुणे-नागपूरची सॉफ्टवेअरवाली पोरं ज्या दारातून गेली, त्याच दाराची दुसरी कडी त्याच कागदाने निघाली होती. आपल्याकडे त्या कायद्यावर जे बोललं-लिहिलं जातं त्यात पहिली गोष्टच येते.

पण माणूस एकटा गेला तरच. १९९६ला आलेल्या 'डोमा' कायद्याने केंद्र सरकारच्या लेखी विवाह म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री असं ठरवून टाकलं. मॅसॅच्युसेट्सने मे २००४पासून समलिंगी विवाह लावायला सुरुवात केली तरी व्हिसा-ग्रीन कार्डाच्या खात्याला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. बॉस्टनमध्ये नवरा-नवरा, आणि इमिग्रेशनच्या खिडकीवर अनोळखी. २६ जून २०१३ला न्यायालयाने ते कलम रद्द केलं, आणि दोनच दिवसांत फ्लोरिडातल्या एका जोडप्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज मंजूर झाला. जोडीदार बल्गेरियाचा होता. यवतमाळच्या त्या लग्नाच्या फक्त साडेचार वर्षं आधीची ही गोष्ट.

तिथं पोचलेल्या आपल्या लोकांना लवकरच कळलं की, मोकळ्या शहरातही आपली जागा आपल्यालाच करावी लागते. १९८६ला सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात अरविंद कुमार आणि सुवीर दास यांनी 'त्रिकोण' सुरू केलं. गोऱ्यांच्या बारमध्ये हे परके, आणि देशी लोकांच्या दिवाळीत तर विचारायलाच नको. न्यूयॉर्कमध्ये 'साल्गा' ही दक्षिण आशियाई समलिंगींची संघटना १९९१ची. स्टोनवॉलच्या त्या गावात ऑगस्ट महिन्यात भारताच्या स्वातंत्र्याची इंडिया डे परेड निघते, आणि १९९० च्या दशकात बरीच वर्षं साल्गाला तीत चालू दिलं नाही. अडवणारे अमेरिकन पोलीस नव्हते, आपलेच परेडवाले होते. यादीत न्यूयॉर्कला पैकीच्या पैकी गुण असतील. त्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलेल्या मुलाला किती, हे कोण मोजणार?

'त्रिकोण'चं एक बीज मराठीत पडलं. बिंदुमाधव खिरे कॅलिफोर्नियात सॉफ्टवेअरमध्ये काम करत होते. तिथं त्यांना 'त्रिकोण' भेटलं. आपल्यासारखे लोक उघडपणे, हसतखेळत जगताना दिसले. यानंतर बहुतेक माणसं तिथंच घर घेतील. खिरे पुण्याला परतले आणि २००२ला त्यांनी 'समपथिक' ट्रस्ट काढला. मराठीतून हेल्पलाइन, मराठीतून पुस्तकं. त्यांची 'पार्टनर' ही कादंबरी माझ्या हातात पडली ती झेरॉक्स होऊन होऊन फिकट झालेल्या पानांवर. वाङ्मयीन गुणांची चर्चा करणाऱ्यांनी ती जरूर करावी. मला तीत पहिल्यांदा शिवी नसलेले मराठी शब्द सापडले. घाटंजीत माझ्यासारख्यासाठी असलेले सगळे शब्द मारामारीत वापरायचे होते.

तेव्हा गेल्या वर्षी गावचा एक मुलगा फोनवर म्हणाला, "दादा, तुमाले सांगाचं होतं एक," तेव्हा पुढचं वाक्य मला कळलं होतं. पण त्याचा खरा प्रश्न निराळाच निघाला. त्याच्याकडे तीन विद्यापीठांची प्रवेशपत्रं होती, एक डॅलसजवळचं, एक ॲरिझोनातल्या टेम्पीचं, एक बफेलोचं. सोबत त्या दहा शहरांच्या यादीचा स्क्रीनशॉट. तिघांपैकी एकाचंही नाव त्यात नव्हतं. "यातलं कोणतं गाव बरं राहीन?" घरी त्याने फी आणि कर्जाचा हिशेब सांगितला होता. वडिलांची कापसाची शेती बँकेत तारण जाणार होती. हा दुसरा हिशेब घरी सांगायची सोय नव्हती.

मी इतिहास वाचणारा माणूस. व्हिसाचं मला काय कळणार? म्हटलं, तीनही गावांचा इतिहास काढतो.

टेक्सास ऐकल्यावर त्याचा चेहरा पडलेला मला फोनवरूनही कळला. त्या राज्याचं नाव तसंच आहे. १९९८च्या सप्टेंबरात ह्यूस्टनला पोलिसांनी एका घरात शिरून दोन पुरुषांना याच 'गुन्ह्या'साठी पकडलं आणि दंड केला. ते प्रकरण वर गेलं आणि २००३ला सर्वोच्च न्यायालयाने असले कायदे देशभर रद्द केले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ला कलम ३७७वर निकाल देताना या निकालाचा आधार घेतला. म्हणजे ह्यूस्टनच्या त्या अटकेचं एक टोक आपल्यापर्यंत येतं. टेक्सासच्या विधिमंडळाने मात्र ते मेलेलं कलम पुढेही वर्षानुवर्षं पुस्तकात तसंच ठेवलं. पण त्याच टेक्सासात ह्यूस्टनने २००९ला ॲनिस पार्कर या उघड समलिंगी बाईंना महापौर केलं. मग २०१५ला त्याच शहराच्या मतदारांनी भेदभावविरोधी नियम मत देऊन उडवला. डॅलसने असा नियम २००२लाच केला होता, आणि २००४ला डॅलस काउंटीने लुपे वाल्डेझ या समलिंगी बाईंना शेरीफ म्हणून निवडलं. शहर एक सांगतं, राज्य दुसरं. त्या मुलाला मी म्हटलं, हे तुला नवीन नाही. मुंबईत चालतं ते घाटंजीत चालत नाही, दोन्ही महाराष्ट्रच.

टेम्पीचं मला काहीच माहीत नव्हतं. वाचलं तर कळलं की, त्या वाळवंटातल्या कॉलेजच्या गावाचा महापौर नील जुलियानो १९९६ला, पदावर असताना, उघडपणे समलिंगी म्हणून पुढे आला. २००१ला त्याला परत बोलावण्यासाठी मतदान घेतलं गेलं. तो टिकला. २०१४ला गावकऱ्यांनी मत देऊन भेदभावविरोधी कलम शहराच्या सनदेतच घातलं.

आणि बफेलो. बर्फासाठी बदनाम, कारखाने बंद पडलेलं. पर्यटनाच्या यादीत ते कधी येणार नाही. पण अमेरिकेतल्या समलिंगी स्त्रियांच्या इतिहासावरचं माझं सगळ्यात आवडतं पुस्तक याच शहरावर आहे. एलिझाबेथ केनेडी आणि मॅडलिन डेव्हिस यांनी १९३० ते १९६०च्या दशकांतल्या बफेलोच्या कामगार बायकांच्या तोंडून तिथल्या बारचा इतिहास नोंदवला. पुस्तक १९९३चं. कारखान्यात पाळी करायची आणि शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून बारमध्ये जायचं. मार खायचा, द्यायचा, पण जागा सोडायची नाही. स्टोनवॉलच्या कितीतरी आधी, कुठल्याही संघटनेशिवाय. यातल्या डेव्हिसबाई १९७२ला डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात उघड समलिंगी प्रतिनिधी म्हणून बोलल्या. सॅन फ्रान्सिस्कोला पळून न जाता आहे त्याच गिरणगावात राहिलेल्या बायकांचा हा इतिहास मला फार जवळचा वाटतो. यवतमाळ-मूर्तिजापूरची शकुंतला रेल्वे आणि बंद पडलेल्या जिनिंगच्या भिंती पाहत वाढलेल्या माणसाला कारखान्यांचं मेलेलं गाव ओळखू येतं.

आता याद्यांनाही शास्त्र आलंय. गॅरी गेट्स आणि रिचर्ड फ्लोरिडा यांनी जनगणनेतल्या एकत्र राहणाऱ्या समलिंगी जोडप्यांवरून शहरांचा 'गे इंडेक्स' काढला आणि जिथं हा आकडा मोठा तिथं तंत्रज्ञानाचे उद्योगही जास्त, असं दाखवलं. ह्यूमन राइट्स कॅम्पेन ही संस्था २०१२पासून शहरांना १००पैकी गुण देते. नियम काय, नगरपालिकेच्या नोकरांना सवलती काय, पोलिसांत संपर्क अधिकारी आहे का. उपयोगी काम आहे. त्या मुलाला मी ते उघडून दाखवलं. तो म्हणाला, "दादा, पन मी नगरपालिकेत थोडीच राहणार हावो? मी त त्या पोरायसंग राहणार हावो."

त्या पोरांसंग म्हणजे दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये सहा जण, सगळे देशी, व्हॉट्सॲप ग्रुपवर जमवलेले. एकाची आत्या आर्णीची. बिल वाटून, भात वाटून आणि बातमीही वाटून. तिकडच्या स्वयंपाकघरात बोललेलं चोवीस तासांत घाटंजीच्या चौकात पोचतं. माझ्या दोन रात्रींच्या वाचनात हे कुठंच नव्हतं आणि त्याच्या सगळ्या हिशेबात हेच पहिलं होतं. मग आम्ही शहरं सोडून दिली आणि खोल्या पाहू लागलो. बफेलोला एकट्याची खोली डॅलसपेक्षा स्वस्त मिळत होती. शिवाय तिथल्या विभागाने फीमध्ये थोडी सूट दिली होती.

लग्नाबिग्नाचंही त्याने विचारलं, घाईघाईत, सहज विचारल्यासारखं. मी सांगितलं की, व्हिसासाठी जिथं लग्न लागलं तिथला कायदा पाहतात. १७ ऑक्टोबर २०२३ला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. म्हणजे घाटंजीत किंवा यवतमाळात लागलेल्या लग्नाचा तिकडच्या खिडकीवर उपयोग नाही. न्यूयॉर्क राज्यात २०११पासून नगराच्या किंवा शहराच्या क्लार्ककडे अर्ज करता येतो. "आनि आईले?" तो म्हणाला. आईला कुठलं लग्न दिसेल, असं त्याला विचारायचं होतं.

मी त्याला यवतमाळच्या त्या हॉटेलातल्या लग्नाची बातमी पाठवली. २०१७ला तो दहावीत होता. त्याला ती आठवत होती, वर्गातल्या हसण्यासकट. नागपूरला २०१६ला पहिली प्राइड मिरवणूक निघाली आणि तिथंच २०२१च्या शेवटी दोन डॉक्टर मुलींनी घरच्यांसमोर एकमेकींना अंगठ्या घातल्या, हेही पाठवलं. दोन निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आलं नाही.

ऑगस्टात तो बफेलोला गेला. वडील नागपूरच्या विमानतळावर सोडायला आले होते. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तिकडं थंडी लय राह्यते म्हनते. बूट कोठचे घ्याचे?" ते मला माहीत नव्हतं.